गुरुवारची वीस माणसं

चार नंबरच्या खुर्चीवरच्या बाईंना आमच्याकडे सगळे तिकीटताई म्हणायचे. बस स्थानकातल्या आरक्षणाच्या खिडकीमागे त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. नवा पेशंट आला की नाव विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "कुठून आलात? एकटेच की बरोबर कुणी?" आणि मग खिडकीत बसल्यासारखं मान तिरकी करून उत्तराची वाट बघायच्या.

मी त्या डायलिसिस विभागातली टेक्निशियन. पेशंट मला सिस्टर म्हणतात, मीही कधी दुरुस्त केलं नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडायचं, हे आमचं काम. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आमच्या हॉलमध्ये चौदा खुर्च्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता तीच चौदा माणसं त्याच चौदा खुर्च्यांवर येऊन बसायची. इतक्या वेळा तर सख्खे भाऊही एकमेकांना भेटत नाहीत.

तिकीटताईंना सोडायला त्यांची धाकटी बहीण यायची. स्कूटर फाटकाशी लावायची, ताईंची पिशवी दारापर्यंत आणून द्यायची आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरायची. चार वर्षांत ती हॉलच्या आत आल्याचं मला आठवत नाही. अकरा वाजता परत दारात उभी. तिच्याशी मी कामापुरतंच बोलायचे, तेही तुटक. कारण मी ताईंची फाइल वाचली होती.

आईवडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि धाकटी दहाची. ताईंनी नोकरी धरली, धाकटीला शिकवलं, तिचं लग्न लावलं. स्वतःच्या लग्नाचं त्यांनी पुढे ढकललं आणि ते पुढेच राहिलं. पुढे मूत्रपिंडं गेली तेव्हा धाकटीच्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. दात्याची संमती घ्यायला समिती बसते, तिच्यासमोर दोघींनी यायचं होतं. त्या दिवशी धाकटी आली नाही. मुलांना ताप होता म्हणे. दुसरी तारीख दिली, तेव्हाही आली नाही. तिसरी तारीख कुणी मागितलीच नाही. फाइल बंद झाली, आणि पुढच्या सोमवारपासून तीच बहीण स्कूटरवरून ताईंना सोडायला येऊ लागली.

ताई या विषयावर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र मनात धरून होते. जिनं आईच्या जागी राहून वाढवलं तिला एक मूत्रपिंड देता येत नाही, आणि वर रोज पिशवी उचलायची ही ऐट कशाला, असं मला वाटायचं.

सहलीचं निघालं ते तीन नंबरच्या खुर्चीवरून. तिथे चिमणी बसायची. एकोणीस वर्षांची, चित्रकलेच्या कॉलेजात जाणारी. अकराव्या वर्षी आजार लागला आणि उंची तिथेच थांबली, म्हणून चिमणी. भिंतीवरच्या टीव्हीत एका मोठ्या थीम पार्कची जाहिरात लागली होती. चिमणी म्हणाली, "आमच्या शाळेची सहल गेली होती इथे. मी पैसे भरले होते. त्याच आठवड्यात पाय सुजले."

ताई म्हणाल्या, "या पार्कच्या बसची तिकिटं मी इतक्या लोकांना दिलीत की मोजता येणार नाहीत. आजोबा-आज्जी, नवी लग्नं झालेली, पन्नास-पन्नास पोरं. मी स्वतः कुठे गेलेय?"

पाच नंबरवरून शिंपीकाका म्हणाले, "मग आता काय, आम्हाला घेऊन जाताय की काय?"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "किती जण?" त्यांनी विचारलं.

पुढचे दोन महिने ताईंच्या उजव्या हाताला सुई आणि नळ्या, आणि डाव्या हातात फोन. बस स्थानकात त्यांनी मोठमोठ्या वऱ्हाडांची जागा लावलेली, त्यांना ही चौदा माणसं म्हणजे हातचा मळ. पण ही चौदा माणसं वेगळी होती. दिवसाला तीन पेल्यांच्या वर पाणी चालत नाही. मीठ चालत नाही. ज्या हाताच्या शिरेत सुई टोचतात त्या हातावर दाब चालत नाही. आणि खर्च एवढाच की कुणालाही घरी तोंड लपवावं लागू नये, कारण आमच्याकडची सगळी घरं या आजारानं आधीच पिळून निघालेली.

ताईंनी एकेक गाठ सोडवली. वार गुरुवार, कारण बुधवारी रक्त गाळलेलं असतं, माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यात ताजातवाना. आणि शाळांची सुट्टी नसलेल्या गुरुवारी पार्क अर्ध्या दरात. बस कारखान्याची. ती सकाळी सातला पहिल्या पाळीचे कामगार सोडते आणि दुपारी चारपर्यंत रिकामी उभी असते, हे फक्त ताईंनाच सुचू शकत होतं. डिझेलच्या खर्चात बस मिळाली. जेवण शिंपीकाकांची बायको करणार होती. बिनमिठाचं, भाज्या दोनदा उकळून पाणी फेकून दिलेलं. पार्कात बाहेरचं जेवण नेता येत नाही, त्यासाठी ताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी मिळवली.

पार्कवाल्या मुलीशी त्यांचं फोनवरचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, ग्रुपचा दर वीस माणसांपासून आहे. आणि पेशंट असतील तर मला साहेबांना विचारून सांगावं लागेल."

"बाळा," ताई म्हणाल्या, "मी अठ्ठावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेय. 'साहेबांना विचारून सांगते' म्हणजे काय ते मला माहितीये. साहेब जागेवर नाहीत, आणि तुला विचारायचंही नाहीये. मी चार तास इथून हलू शकत नाही. तू विचारून ये, मी थांबते."

मुलगी हसू दाबत असावी. पाच मिनिटांनी परत आली. "साहेब हो म्हणाले."

"बघ. साहेब कधी नाही म्हणत नाहीत, त्यांना विचारतच नाही कुणी."

डॉक्टरांनी मात्र आधी साफ नकार दिला. मग ताईंनी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर पार्कातल्या प्रत्येक खेळाचं नाव, त्यात छातीवर दांडा येतो का, झटका बसतो का, पाणी उडतं का. दुसऱ्यावर प्रत्येक माणसाचं नाव आणि त्याला काय काय होतं. डॉक्टर बराच वेळ वाचत राहिले. रोलर कोस्टरसारखे सगळे वेगाचे खेळ त्यांनी खोडले आणि तीन माणसंही खोडली. त्यांची हृदयं तोळामासा होती. ताईंनी त्या तिघांना स्वतः जाऊन सांगितलं. त्यातले एक आजोबा पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

उरले अकरा पेशंट. घरचे आठ. आणि मी. बरोबर वीस.

"बारा गावचं पाणी प्यायलेली बाई मी," ताई म्हणायच्या, "आता दिवसाला तीन पेले. पण वीस माणसं हलवायची अक्कल अजून आटलेली नाही."

शिंपीकाकांना एक कल्पना सुचली. गर्दीत कुणी सुईचा हात ओढू नये म्हणून त्यांनी मऊ कापसाचा थर घातलेल्या बाह्या शिवायला घेतल्या. मनगटापासून कोपरापर्यंत, गडद पिवळ्या कापडाच्या. "लांबून दिसलं पाहिजे," ते म्हणायचे. "हा हात सरकारी मालमत्ता. हात लावू नये." आठ बाह्या त्यांनी शिवल्या. सहलीला दहा दिवस राहिले असताना एका सोमवारी सकाळी पाच नंबरची खुर्ची रिकामी राहिली. साडेसातला त्यांच्या मुलाचा फोन आला. रविवारी दुपारी जेवायला बसले होते, तिथेच गेले. शनिवार-रविवार दोन दिवस लागोपाठ रक्त गाळलं जात नाही, आमच्याकडे माणसं जातात ती बहुतेक तेव्हाच.

हॉलमध्ये त्या दिवशी कुणी टीव्ही लावला नाही. चिमणी भिंतीकडे तोंड करून पडून होती. मला वाटलं, संपलं आता हे सहलीचं. अकराला नळ्या काढताना मी ताईंना हळूच म्हटलं, "रद्द करायचं ना?"

त्या म्हणाल्या, "माझ्या हातात नाही ते. ती येईल तेव्हा ती सांगेल."

ती म्हणजे शिंपीकाकांची बायको. ती शुक्रवारी आली. काकांच्या उरलेल्या औषधांचं खोकं परत करायला आली होती, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील म्हणून. बरोबर एक कापडी पिशवी होती. त्यात अकरा बाह्या निघाल्या.

"तीन राहिल्या होत्या. मी केल्या पुऱ्या," ती म्हणाली. "टाके त्यांच्यासारखे नाहीत आले." मग ताईंकडे वळून म्हणाली, "माझं नाव काढलंत का यादीतून?"

"नाही."

"काढू नका. जेवण मीच करणार. वीस माणसांचं साहित्य आणून ठेवलंय त्यांनी, त्याचं काय करू मी एकटी?"

आता एकोणीस झाले. एका माणसासाठी सगळ्यांचा दर चढत होता. ताई प्रत्येकाला विचारत होत्या, आणखी कुणी येतंय का. सगळ्यांना विचारलं, एकीला सोडून. ते माझ्या ध्यानात आलं. बुधवारी मी दाराशी गेले. धाकटी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी होती.

"एक माणूस कमी पडतंय उद्याला," मी म्हटलं. "तुम्ही येता?"

तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं. "ताईनं सांगितलं विचारायला?"

"नाही. मीच विचारतेय."

ती पायाखालच्या फरशीकडे बघत राहिली. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा सारखा चाचपायची. "दुकानात सांगावं लागेल," ती म्हणाली. आणि मग, "येते."

तिकीटताईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि यादीत विसावं नाव लिहिलं. लिहिताना पेन एकदा अडलं, एवढंच.

गुरुवारी आठ वाजता कारखान्याची बस निघाली. सीटवर वंगणाचे डाग, खिडक्या अर्ध्या अडकलेल्या, पण दहा पिवळे हात त्या खिडक्यांतून बाहेर दिसत होते आणि सिग्नलला थांबलेली माणसं बघत होती. प्रत्येकाकडे अर्ध्या लिटरची बाटली, तिच्यावर शाईनं तीन रेघा. पहिली रेघ अकरापर्यंत, दुसरी जेवणापर्यंत, तिसरी घरापर्यंत.

पार्कच्या फाटकाशी ताई आधी तिकीट खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आतल्या मुलीला म्हणाल्या, "तीन खिडक्या, आणि माणूस एकटी तू? ही काय पद्धत झाली?" ती फोनवरचीच मुलगी निघाली. बाहेर येऊन ताईंच्या पाया पडायचीच बाकी होती. चाकांच्या दोन खुर्च्या तिनं आपणहून आणून दिल्या.

चिमणी आकाशपाळण्यात तीनदा बसली. तिसऱ्यांदा वर थांबला तेव्हा तिनं तिथून काहीतरी ओरडून सांगितलं, कुणालाच ऐकू आलं नाही. खाली आल्यावर विचारलं तर सांगेना. एरवी रक्त गाळताना कुणाशी न बोलणारे एक बँकवाले गृहस्थ आरसे-महालात शिरले ते तासभर बाहेर आले नाहीत, त्यांना एका आरशात आपण जाड दिसत होतो तो फार आवडला होता. शिंपीकाकांची बायको लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसली. दोन फेऱ्या हसत होती. तिसऱ्या फेरीत घोड्याच्या मानेवर डोकं टेकवून ती रडायला लागली, आणि चक्री काही थांबेना. दर फेरीला ती आमच्यासमोरून जायची, आणि आम्ही नुसते उभे. थांबल्यावर ताईंनी तिला उतरवून घेतलं आणि जेवणाच्या डब्यांकडे नेलं. तिनं डोळे पुसले आणि वाढायला घेतलं.

दुपारी होडीच्या बोगद्यात आम्ही बसलो. संथ पाणी, दोन्ही बाजूंना बाहुल्या. ताई आणि धाकटी पुढच्या बाकावर, मी मागच्या. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्यांत हा सगळ्यात मऊ खेळ. बोगद्यात अंधुक उजेड होता. धाकटी एकाएकी बोलायला लागली.

"ताई, त्या दिवशी मी घरातून निघाले होते. समितीच्या. कागद घेतले होते. तुझ्या हॉस्पिटलच्या कोपऱ्यापर्यंत आले होते मी, आणि मग..."

"हात आत घे," ताई म्हणाल्या. "भिंत जवळ येतेय."

धाकटीनं हात आत घेतला. "ताई, ऐक ना. मला..."

"ती बघ, ती तुझी बाहुली. लाल झग्याची. तुला अशीच हवी होती ना? दुकानासमोर लोळण घेतली होतीस." आणि ताई हसल्या. मोकळं, प्रेमाचं हसू होतं ते. त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि होडी बाहेर उजेडात येईपर्यंत तसाच ठेवला.

मागे बसून माझे डोळे भरून आले. काय मन आहे या बाईचं, मला वाटलं. बहिणीला शरमेनं बोलूसुद्धा दिलं नाही. सगळं पोटात घातलं. कितीतरी दिवस मी ही गोष्ट दुसऱ्या पाळीच्या नर्सना सांगत होते.

चारच्या आत बस कारखान्यावर पोचली. शुक्रवारी सगळे हजर होते. वजनकाट्यावर एकाचंही वजन जास्त भरलं नाही, म्हणजे कुणी तिसऱ्या रेघेच्या पुढे पाणी प्यायलं नव्हतं. ताईंना याचा केवढा अभिमान! पुढच्या वर्षी समुद्राकाठी जायचं म्हणून त्यांनी चौकशीही सुरू केली.

ते राहिलं. पाच महिन्यांनी ताईंच्या हृदयाभोवती पाणी साठायला लागलं. आठवड्यातून चार वेळा रक्त गाळूनही ते कमी होईना. त्या बोलायच्या कमी झाल्या, पण नव्या पेशंटला विचारायचं सोडलं नाही. एका बुधवारी धाकटी एकटीच आली. त्या दिवशी पहिल्यांदा ती हॉलच्या आत आली, चार नंबरच्या खुर्चीपाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "आज येणार नाही ती." मला कळायला क्षणभर वेळ लागला. पहाटे उठून केस विंचरले होते म्हणे ताईंनी, डायलिसिसला निघायचं म्हणून. पलंगावर बसल्या आणि आडव्या झाल्या.

चिमणीला पुढच्या वर्षी तिच्या वडिलांचं मूत्रपिंड बसवलं. ती बरी आहे. आता पाणी हवं तितकं पिते, आणि पहिल्या दिवशी पिऊन पिऊन पोट दुखलं म्हणून फोन केला होता. सहलीला गेलेल्या दहांपैकी... नको, ते मोजत बसत नाही.

धाकटीला मी नंतर वर्षभरानं भेटले. मला जवळचं दिसेना झालं होतं आणि मी तिच्या दुकानात गेले, मुद्दामच गेले असेन. तिनं मला डोळे तपासणाऱ्याकडे पाठवलं, मग फ्रेम दाखवायला बसली. एक फ्रेम माझ्या नाकावर नीट बसवताना ती म्हणाली, "तुम्ही होतात ना मागे, होडीत?"

"होते," मी म्हटलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून पुढे म्हटलं, "तुमच्या ताईंनी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं. मी पाहिलं ते."

तिनं फ्रेम काढून पुसली. "हो. तुम्हाला सगळ्यांना तसंच दिसलं असणार," ती म्हणाली. "सिस्टर, तिनं मला मूत्रपिंड कधी मागितलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं तपासणी करा, मी केली. डॉक्टरांनी सांगितलं समितीपुढे या. ती काय म्हणाली माहितीये? 'तुला जमलं तर ये. नाही जमलं तरी माझं काही नाही.' लहानपणापासून तिचं हेच. तिला कधी काही लागायचंच नाही. लागायचं ते मला. फ्रॉक मला, पुस्तकं मला, लग्न मला. मी त्या कोपऱ्यावर दोन तास उभी होते. घाबरले होते, खोटं कशाला बोलू. ऑपरेशनला घाबरले होते, घरचे नको म्हणत होते. पण मला वाटलं, तिचा एक फोन येईल. 'कुठे आहेस, ये ना लवकर,' एवढं जरी म्हणाली असती ना, तरी मी गेले असते. नाहीतर 'का आली नाहीस' म्हणून थोबाडीत तरी मारायची. चार वर्षं मी तिला सोडायला येत होते, रोज वाटायचं, आज रस्त्यात विचारेल. होडीत मी शेवटी बोलायला गेले, तर मला बाहुली दाखवली."

चार वर्षं दाराशी तिच्याशी तुटक बोलले होते, ते सगळे दिवस माझ्यासमोर येत होते. कुणाचं चुकलं हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. ताईंनी विचारलं असतं आणि ही नाही म्हणाली असती, तर? त्या भीतीनंच ताईंनी आयुष्यभर विचारलं नसेल का? पण हे तिला कसं सांगणार, आणि सांगून आता काय होणार होतं.

"ही फ्रेम हलकी आहे," ती म्हणाली. "काम करताना घसरणार नाही." तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ तुटलेली काडी हातात धरून दुकानात आले. ती उठली, त्यांना बसायला खुर्ची दिली आणि वाकून म्हणाली, "दाखवा बरं, कुठे तुटलंय?"